तटस्थ तार

वीज गेली म्हणजे तिच्या नांवानें खडे फोडावे आणि परतली म्हणजे तिला विसरून जावें, हा आपणां सर्वांचा शिरस्ता आहे. परंतु न जातां, उलट वाजवीपेक्षां अधिक येऊन ती घराची धूळधाण करूं शकते, हें अनुभवावांचून पटत नाहीं. आमच्या आळीस हा अनुभव गेल्या आषाढांत आला. वादळांत आंब्याची फांदी तारांवर कोसळली. आमच्या घरांतले दिवे लग्नघरासारखे झगझगले आणि मुख्य बटण बंद करीपर्यंत टीव्ही, फ्रिज व मुलांच्या संगणकाचा अडॅप्टर यांनीं प्राण सोडला होता. नवल असें कीं, त्याच क्षणीं समोरच्या घरांत मात्र दिवे मिणमिणत होते.

यांतील मर्म दुसऱ्या दिवशीं वायरमननें सांगितलें. खांबांवरून वीज नेणाऱ्या चार तारा असतात. तीन फेजच्या आणि चौथी न्यूट्रल. प्रत्येक घर कोणत्या तरी एका फेजला व या समाईक चौथीला जोडलेलें असतें. फेज आणि न्यूट्रल यांमधील दाब 230 व्होल्ट, पण दोन फेजमधील सुमारें 400. चौथी तार तुटली कीं निरनिराळ्या फेजवरचीं घरें जणूं एकाच दोऱ्यांत ओवलीं जातात आणि तो 400 चा दाब आपसांत वांटून घेतात. ही वांटणी मोठी उफराटी असते. ज्याच्या घरीं भार अधिक, त्याच्या वांट्यास दाब कमी. ज्यानें काटकसरीनें दोनच दिवे लावले, त्याच्या माथीं जास्त! समोर गीझर चालू होता, आणि आमची काटकसर आम्हांस भोंवली.

फ्यूज बिचारा स्वस्थ होता, कारण त्याची नजर प्रवाहावर असते, दाबावर नव्हे. 230 व्होल्टांच्या विजेची लाट शिखरावर 325 पर्यंत चढते. म्हणून आजच्या उपकरणांत बहुधा 400 व्होल्ट सोसणारा कॅपॅसिटर घालतात. मूळ दाबच 400 च्या घरांत गेला कीं शिखर 560 ओलांडतें आणि तो फुटतो. तांब्याच्या वेटोळ्यांचा आमचा जुना पंखा मात्र तेवढा धक्का पचवून अजून फिरतो आहे.

आमची हानि गैरसोयीपुरतीच होती. शेजारच्या बाई डबे करून दोन मुलांचें शिक्षण चालवितात. त्यांचा फ्रिज गेला आणि वाटण चालू असलेला मिक्सरहि गेला. वीज कंपनीच्या कचेरींत त्यांस उत्तर मिळालें, "वादळ आमच्या हातीं नाहीं." तें खरेंच; परंतु तारांवर वांकलेली फांदी वेळेवर छाटणें कोणाच्या हातीं होतें? 2003 च्या विद्युत कायद्याच्या 42 व्या कलमानें प्रत्येक वितरण कंपनीस ग्राहकांच्या तक्रारींसाठीं मंच ठेवणें भाग आहे, आणि त्याच्यावर दाद मागण्यास लोकपाल आहे. तेव्हां आळीनें मिळून अर्ज केला. जळलेले भाग जपून ठेवले; दुरुस्तीवाल्याचा लेखी अभिप्राय, छायाचित्रें, खरेदीच्या पावत्या व त्या रात्रींच्या तक्रारीचा क्रमांक जोडला. सर्वांत मोलाची मात्र समोरच्या गृहस्थांची सही. त्यांचें कांहींच जळलें नव्हतें. पहिल्या दिवशीं तर आळींत त्यांच्यावरच संशय घेतला गेला होता. पण आमचे दिवे झगझगत असतां त्यांचे मिणमिणत होते, ही त्यांची साक्ष न्यूट्रल तुटल्याचा उत्तम पुरावा होय. निकाल अद्याप लागावयाचा आहे. तोंवर बाईंचें भिजविलेलें पीठ समोरच्या फ्रिजमध्यें राहतें.

बाजारांतील सर्ज-पट्टीवर विसंबूं नये, हेंहि येथें सांगावेंसें वाटतें. क्षणभराचा झटका ती गिळते, मिनिटभर चढलेला दाब तिला सोसत नाहीं. दाब मर्यादेबाहेर जातांच पुरवठा तोडणारें यंत्र मुख्य फळीवर बसविणें हा खरा उपाय.

न्यूट्रल या शब्दास आपण 'तटस्थ' म्हणतों. तटस्थ म्हणजे तीरावर उभा राहून पाहणारा. या तारेस तें नांव शोभत नाहीं. तिन्ही फेजवरचा भार समतोल असला कीं तिच्यांतून कांहींच वाहत नाहीं, म्हणून ती कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. समतोल ढळला कीं उरलेला प्रवाह तीच वाहून नेते, आणि एकाच्या गीझरची झळ दुसऱ्याच्या दिव्यास लागूं देत नाहीं. ज्यांचें कांहीं गेलें नाहीं अशा शेजाऱ्यांकडून आळीची अपेक्षा याहून निराळी ती काय असते?