माझा स्वतःचा पत्ता

मी १९८१ साली बी.कॉम. झाले. किर्द, खतावणी, तेरीज हे शब्द अजून डोक्यात पक्के आहेत. नोकरी केली नाही, पण घरचा जमाखर्च चाळीस वर्षं वहीत लिहिला आणि दर महिनाअखेर जुळवला. अशा बाईला परवापरवापर्यंत स्वतःचा ईमेल नव्हता, हे सांगायला थोडी लाज वाटते. तरी सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणींची हीच गत असेल.

हे होते तोवर बँकेचा सगळा पत्रव्यवहार यांच्या ईमेलवर यायचा. हे गेल्यावर एक मुदत ठेव माझ्या नावावर केली, तेव्हा फॉर्मवर ईमेलची चौकट होती. मी मुलाचा पत्ता लिहून मोकळी झाले. तो अमेरिकेत, पण ईमेलला काय, कुठेही पोचतो!

या वर्षी ठेवीची मुदत संपली. पावसाळ्याआधी गच्चीची गळती काढायची म्हणून पैसे घ्यायला गेले, तर ठेव आपोआप पुन्हा तीन वर्षांसाठी गुंतवली गेलेली. आधी सूचना पाठवली होती म्हणे, ईमेलवर. मुलाला फोन केला. त्याने शोधलं आणि ओशाळून म्हणाला, “आई, आलंय गं. ऑफिसच्या गर्दीत उघडलंच नाही. यापुढे मी नीट लक्ष ठेवतो.”

मी म्हटलं, “तू नको ठेवूस. मीच ठेवते.”

ठेव मोडली, व्याज कापलं गेलं. ती रक्कम वहीत खर्चाच्या बाजूला लिहिताना कळलं, चूक त्याची नव्हती. पैसे माझे आणि पत्ता दुसऱ्याचा, हा हिशोबच मुळात चुकीचा होता.

सूर्यास्ताआधी जेवण उरकलं की आमच्याकडे संध्याकाळ मोकळी असते. चष्मा लावून बसले. फोन मुलानेच घेऊन दिलेला, त्यामुळे आत खातंही त्याचंच होतं. म्हणजे मी साठवलेले नंबरसुद्धा इतके दिवस त्याच्याच खात्यात जात होते! ते खातं तसंच ठेवलं. सेटिंग्जमध्ये ‘पासवर्ड आणि खाती’, मग ‘खाते जोडा’, मग गूगल, मग ‘खाते तयार करा’. कशासाठी असं विचारलं, तिथे वैयक्तिक वापर निवडला.

नाव, जन्मतारीख झाली आणि पत्त्यावर गाडी अडली. माझं नाव-आडनाव आधीच कुणीतरी घेतलेलं. फोनने शेवटी आकडे जोडून काही नावं सुचवली. जन्मसाल जोडावंसं वाटेना; पत्ता दहा ठिकाणी द्यायचा, त्यात वय कशाला? मग माझ्या नावापुढे माहेरच्या गावाचं नाव जोडलं. लगेच मिळालं. लग्नानंतर कुठल्याच कागदावर न आलेलं ते गाव असं परत आलं. जीमेलच्या पत्त्यात मध्ये टिंब दिलं काय, न दिलं काय, पत्र तिथेच पोचतं, हेही तेव्हा समजलं.

पासवर्डला किमान आठ अक्षरं लागतात. नातवाचं नाव, मोबाइल नंबर असलं काही घेतलं नाही. एका जुन्या पाककृतीतले तीन शब्द आणि मापं घेतली. ती माझ्याशिवाय कुणाला सुचणार नाहीत. वहीत लिहिलं आणि वही दागिन्यांच्या कपाटात ठेवली. ओटीपी मात्र कुणालाही सांगायचा नाही, फोनवर कितीही गोड बोलला तरी.

शेवटी फोनने विचारलं, पासवर्ड विसरलात तर दुसरा ईमेल कोणता? क्षणभर थांबले आणि मुलाचाच दिला. घराची एक किल्ली शेजारी ठेवतो ना आपण, तसं. रोजचं कुलूप मात्र मीच उघडणार.

पहिलं पत्र त्यालाच पाठवलं, फोनला बोलून मराठीत. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन पत्ता बदलायचा अर्ज दिला. पॅन कार्ड, गॅस, आरोग्य विमा, कुठे कुठे कोणाचा ईमेल आहे याची यादी केली. अकरा ठिकाणं निघाली, त्यातली सहा झाली. नवे नंबर साठवताना वर कोणतं खातं दिसतंय, तेही आता बघते.

मैत्रिणींनो, तुमच्या पासबुकाला कोणाचा पत्ता जोडलाय, एवढं या आठवड्यात बँकेत जाऊन विचारून या. मुलं चांगलीच असतात हो. पण त्यांना त्यांची कामं असतात.