पोचा आणि कठण

मराठीत मऊपणाच्या किती छटा आहेत, हे वर्गाला सांगताना मला दरवर्षी नव्याने आनंद होतो. भात मऊ, काकडी कोवळी, पोळी लुसलुशीत, जमीन भुसभुशीत, अति पिकलेला आंबा पिलपिलीत आणि राजकारणातला माणूस मवाळ. कठीणपणाचेही तसेच. सुपारी टणक, पापड कडक, भेंडी निबर, गाठ घट्ट, म्हातारा कणखर. यांतला एक शब्द काढून तेथे दुसरा घालून पाहा, लगेच दाताखाली खडा येतो. गोल्फचे चेंडू विकणाऱ्यांनी मात्र ‘सॉफ्ट’ आणि ‘फर्म’ या दोनच शब्दांवर आपला सारा संसार मांडला आहे. आणि त्या दोन शब्दांपायी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे काही हजार रुपये पाण्यात जाण्याची वेळ आली होती.

गोल्फ हा आम्हा बडोदेकर मराठी माणसांचा खेळ नव्हे. आमचा खेळ क्रिकेट. १९४७ साली येथेच रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकरांच्या संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी केलेल्या ५७७ धावांच्या भागीदारीवर आमच्या आधीची पिढी जेवली-झोपली. (इंदूरच्या वाचकांनी क्षमा करावी.) लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात १९३० च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचे मैदान आखले गेले. १९९० च्या दशकात त्याचा जीर्णोद्धार होऊन ते इतरांनाही खुले झाले. तरी आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचे दर्शन राजवाडा पाहायला आलेल्या पाहुण्यांबरोबर, लांबूनच घेतले असेल.

माझा हा विद्यार्थी मात्र तेथल्या गवताचे पाते न् पाते ओळखतो. दहावीनंतर वडिलांच्या आजारपणामुळे त्याची शाळा सुटली आणि तो कॅडी झाला. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणारा. पण हे वर्णन म्हणजे सारथ्याला घोडे हाकणारा म्हणण्यासारखे आहे. वारा कोणीकडचा, उतार किती, येथून कोणती काठी घ्यावी, हे सारे तो सांगतो आणि साहेब ते स्वतःला सुचल्याप्रमाणे करतात. सकाळी सूर्योदयापूर्वी, मोकळ्या वेळात, तो स्वतःही खेळत असे. वयाची तिशी ओलांडली, दोन मुली शाळेत जाऊ लागल्या, खांदा रात्री ठणकू लागला. अशा वेळी एका प्रशिक्षकाला मदतनीस हवा असल्याचे त्याला कळले. अट एकच: दोन दिवस खेळून दाखवायचे आणि ठरलेल्या फटक्यांच्या आत खेळ पुरा करायचा.

माझ्याकडे तो आला तो हातात दोन रिकामी खोकी आणि खिशात दोन चेंडू घेऊन. “सर, हा पोचा आहे अन् हा कठण. एक साहेब म्हणतात, तू किरकोळ अंगाचा, तुझा हात हळू, तू पोचाच घे. दुसरे म्हणतात, कठण घे, लांब जाईल. एक डझन घ्यायचं म्हणजे माझी अर्ध्या महिन्याची कमाई जाते. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचून सांगा.”

येथे थोडे विषयांतर. ‘पोचा’ हा त्याचा शब्द गुजरातीतला, तेथे त्याचा अर्थ नुसता मऊ. आपल्या मराठीत मात्र पोचा म्हणजे भांड्याला पडलेला खळगा, किंवा आत दाणा न भरलेले कणीस. पिढ्यानपिढ्या शेजारी राहून आपण बडोदेकरांनी दोन्ही अर्थ वापरायला सुरुवात केली आहे. पुढे माझ्या लक्षात आले, की या चेंडूंच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात.

खोक्यांवरचे इंग्रजी मी वाचले. ते जाहिरातीचे इंग्रजी होते. विशेषणे पुष्कळ, अर्थ थोडा. मग शाळेच्या सुट्टीत मी या चेंडूची कुळकथा शोधून वाचली, आणि ती एखाद्या कादंबरीइतकी रंजक निघाली.

मुळात हा चेंडू चामड्याचा असे. टोपीभर पिसे भिजवून त्या इवल्या पिशवीत ठासून भरत. वाळताना चामडे आकसे, पिसे फुगत आणि चेंडू दगडासारखा टणक होई. म्हणजे मऊ पदार्थांतून कठीण वस्तू! एक कारागीर दिवसाला तीन-चारच करू शके, म्हणून किंमतही तशीच. १८४८ च्या सुमारास गटापर्चा या झाडाच्या चिकाचा चेंडू आला. त्याविषयी एक आख्यायिका सांगतात, की पूर्वेकडून स्कॉटलंडला पाठवलेल्या विष्णूच्या एका मूर्तीभोवती हा चीक भरलेला होता आणि तो वितळवून पहिला चेंडू वळला गेला. आख्यायिकेला पुरावा मागू नये. पण शेषशायी विष्णूने साहेबाच्या खेळाला हातभार लावल्याची कल्पना मला तरी आवडली.

या नव्या स्वस्त चेंडूने एक घर मोडले. सेंट अँड्र्यूजचा अॅलन रॉबर्टसन त्या काळचा अव्वल खेळाडू, आणि पिसांचे चेंडू करणे हा त्याचा धंदा. टॉम मॉरिस त्याच्याच हाताखाली शिकला, त्याच्याच दुकानात राबला. एकदा खेळताना मॉरिसचे चेंडू संपले आणि त्याने दुसऱ्याकडून गटापर्चाचा चेंडू उसना घेतला. रॉबर्टसनला हे कळले आणि गुरू-शिष्य वेगळे झाले. १८५१ मध्ये मॉरिस प्रेस्टविकला गेला. तेथे १८६० पासून सुरू झालेली ओपन स्पर्धा त्याने पुढे चार वेळा जिंकली. रॉबर्टसनलाही अखेरीस तेच चेंडू करावे लागले. मला या कथेत दोष कोणाचाच दिसत नाही. ज्याची चूल पिसांवर पेटते, त्याने चिकाचे गुण गायचे तरी कसे?

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८९८ मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केल याने गाभ्याभोवती रबराचा ताणलेला धागा गुंडाळून चेंडू केला. त्यावर पुढे बलाटा नावाच्या झाडाच्या चिकाचे मऊ कवच आले. ते हातात गोड, पण फटका जरा चुकला की कवच चिरले जाई. मग सर्लिन नावाचे चिवट कृत्रिम कवच आले, आणि विसावे शतक संपता संपता टणक गाभ्यावर युरेथेनचे पातळ, मऊ कवच चढवलेले चेंडू आले. वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको, हा नियम मात्र सर्वांना सारखाच.

आता मूळ प्रश्न. ‘सॉफ्ट’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत, असे माझ्या ध्यानात आले.

पहिली गोष्ट, चेंडू दाबला असता किती चेपतो. याचे एक माप असते. अगदी मऊ चेंडूंचे चाळीसच्या आसपास, टणकांचे नव्वद-शंभर. काठी आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या सुमारे दोन-हजाराव्या भागात आटोपते, पण तेवढ्यात प्रत्येक चेंडू चपटा होऊन पुन्हा फुगतो. तो माझ्यासारख्या पेन्शनीला टेकलेल्या माणसाने मारला तरी चेपतोच. म्हणून ‘हळू हाताला कठीण चेंडू दाबता येत नाही, त्याने मऊ घ्यावा’ या उपदेशात फारसे तथ्य नाही. उलट मऊ चेंडू चेपण्यात-फुगण्यात थोडी शक्ती गमावतो. जोरदार मारणाऱ्याचे त्यात अंतर घटते. हळू मारणाऱ्याला फरक जाणवेल न जाणवेल इतकाच पडतो. मऊ चेंडू साधारणपणे गिरकी कमी घेतो, म्हणून लांबच्या फटक्यात जरा सरळ जातो; पण हिरवळीवर पडल्यावर थांबायचे म्हटले तर तीच गिरकी हवी असते.

दुसरी गोष्ट कवचाची. हिरवळीजवळच्या छोट्या फटक्यात काठीच्या खाचा चेंडूला पकडतात त्या कवचाच्या मऊपणामुळे, गाभ्याच्या नव्हे. युरेथेनचे कवच ही पकड देते, सर्लिनचे तितकी देत नाही. तेव्हा आतून टणक आणि वरून मऊ असा चेंडू लांबही जातो आणि जागेवर थांबतोही. सुभाषितकारांनी सज्जनाला नारळाची आणि इतरांना बोराची उपमा दिली; कारण बोर बाहेरून तेवढे मऊ आणि आत दगड. गोल्फमध्ये मात्र बोराचाच जय होतो. ज्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘सॉफ्ट’ लिहिले होते, तो चेंडू नेमका उलट निघाला. गाभा मऊ आणि कवच सर्लिनचे. म्हणजे गुजराती अर्थानेही पोचा आणि आमच्या शिष्याच्या गरजेच्या दृष्टीने मराठी अर्थानेही पोचा.

तिसरी गोष्ट कानाची. मऊ-कठीण हाताला कळते असे आपण म्हणतो, पण त्यातला बराच भाग आवाजाचा असतो. हे मला वाचून पटेना, म्हणून एका रविवारी शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरून आम्ही पाहिले. त्याने डोळे मिटायचे, मी चेंडू ठेवायचा, त्याने हलकेच टोला द्यायचा आणि जात ओळखायची. एकदाही चुकला नाही. मग मी त्याच्या दोन्ही कानांत कापूस घातला, वर मफलर बांधली. आता त्याची उत्तरे नाणे फेकल्यासारखी येऊ लागली. पंधरा वर्षे चेंडू हाताळणारा तो गडी कापूस काढून माझ्याकडे पाहतच राहिला. आमच्या शिपायाचा समज मात्र असा झाला, की मुख्याध्यापक कसलातरी उतारा करीत आहेत.

एवढे कळले तरी पैशांचा प्रश्न होताच. युरेथेनच्या चेंडूंचा डझन महाग. त्यावर उपाय त्याचा त्यानेच काढला. झुडपांत हरवलेले चेंडू शोधून विकणे हा कॅडीमंडळींचा जोडधंदा. आजवर तो सापडेल त्या चेंडूने खेळत असे. आज मऊ, उद्या कठीण, परवा आणखी कोणता. म्हणजे लिहिताना दर ओळीला टाक बदलावा तसे. त्याने ठरवले, की एकाच जातीचे, टणक गाभ्याचे आणि मऊ कवचाचे चेंडू बाजूला काढायचे. पाण्यात फार दिवस पडलेले घ्यायचे नाहीत. बाकीचे विकायचे. दिवाळीपासून होळीपर्यंत असे एकतीस चेंडू जमले. सूनबाईने ते धुऊन जुन्या लोणच्याच्या बरणीत भरून ठेवले होते. मी गेलो तेव्हा मोठ्या कौतुकाने त्याने ती बरणी खाली काढून दाखवली. पाच महिने तो त्याच चेंडूंनी खेळला. हिरवळीवर पडल्यावर चेंडू किती पावले सरकेल, याचा अंदाज त्याला प्रथमच येऊ लागला.

कसोटीच्या पहिल्या दिवशी तो ठरल्या आकड्यापेक्षा तीन फटके कमी खेळला, दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि दोन अधिक लागले. एकूण हिशेबात एका फटक्याने निभावला. जागा मिळाली, ती वर्षभराच्या बोलीवर. पहिल्या दोन महिन्यांत बक्षिशी बुडाल्याने घरात ओढाताण झाली आणि “खांद्यावर पिशवी होती तेच बरं होतं” असे त्याची बायको मला माझ्या तोंडावर म्हणाली. तिचे गणित चुकीचे नव्हते. आता शिकायला येणारी मुले वाढली आहेत आणि मुलींची फी वेळेवर जाते. बरणीतल्या उरलेल्या चेंडूंनी तो नव्या मुलांना शिकवतो, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या कानांत कापूस घालायला लावतो, असे ऐकतो.