उभ्या इंजिनाची झीज

दार्जिलिंग हिमालयन रेल्वेची ‘बी’ वर्गातील वाफेची इंजिने १८८९ पासून ग्लासगोच्या शार्प, स्टुअर्ट कंपनीत घडू लागली, आणि त्यांतील काही आजही दोन फुटी रुळांवरून पर्यटकांना दार्जिलिंगहून घूमपर्यंत नेतात. वारसा म्हणून राखलेल्या अशा इंजिनाला काम कमी, म्हणून त्याची झीजही कमी, असा समज असतो. बॉयलरच्या बाबतीत तो फारसा खरा नाही. रोजच्या चाकरीतले इंजिन दोन वॉशआउटच्या, म्हणजे बॉयलर रिकामा करून आतला गाळ व क्षारांचे थर धुऊन काढण्याच्या, दरम्यान बहुतेक काळ ऊनच राहत असे, तर हौशी फेऱ्यांचे इंजिन काही तास तापते आणि मग पुरते निवते, आणि या वारंवार तापण्या-निवण्यातच त्याचे आयुष्य खर्ची पडते.

कोळसा जळतो ती आतली पेटी, म्हणजे फायरबॉक्स, बाहेरच्या कवचापेक्षा अधिक तापते व अधिक प्रसरण पावते. दोहोंच्या मधल्या फटीत पाणी असते आणि त्यांच्या पत्र्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात ते ‘स्टे’, म्हणजे दोन्ही पत्र्यांतून आरपार गेलेले आटेदार दांडे. या इंजिनांतील वाफेचा दाब दर चौरस इंचास १४० पौंड धरला आणि स्टे चार-चार इंचांवर बसवलेले मानले, तर एकेका दांड्यावर १६ चौरस इंचांचा, म्हणजे २,२४० पौंडांचा भार येतो, आणि तो पेलत असतानाच प्रत्येक पेटवणीला दांडा किंचित वाकतो. तो तडकतो बहुधा बाहेरच्या पत्र्यालगत, जिथे नजर पोहोचत नाही. फिटर हातोडीने ठोकून पाहतो. तुटलेला स्टे बद्द वाजतो, पण अर्धवट तडकलेला कसलेल्या कानालाही सहसा चकवतो. म्हणूनच त्याच्या बाहेरच्या टोकात एक बारीक भोक पाडून ठेवलेले असते, जेणेकरून तडा तिथवर पोहोचताच वाफेची पिचकारी उडून वर्दी मिळावी. ही गळती उपद्रव मानून भोक ठोकून बुजवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, पुरावा नष्ट करणे होय.

आग घाईने पेटवू नये, हा दंडक स्टे असे वाकतात म्हणूनच पाळला जातो. विसाव्याच्या काळातही बॉयलर अर्धा भरलेला ठेवणे घातक, कारण पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या रेषेवर गंज पत्र्याला खळगे पाडतो. बॉयलर एक तर पूर्ण रिकामा करून कोरडा ठेवावा, नाहीतर औषध घातलेल्या पाण्याने काठोकाठ भरावा. रंगरंगोटीला आणि पितळेच्या चकाकीला कोणी नको म्हणत नाही. या कंटाळवाण्या कामासाठी मात्र माणसे शोधावी लागतात.

यांत्रिक भागांची अडचण निराळी आहे. दार्जिलिंगच्या तीव्र वळणांवर चाकांच्या कडा झपाट्याने झिजतात, आणि सुटे भाग बाजारात मिळत नसल्याने ते घडवून घ्यावे लागतात. मूळ आराखडा हाती नसेल तर जुना भाग नमुना म्हणून वापरला जातो, पण झिजलेल्या बेअरिंगचे माप जसेच्या तसे उचलले तर नव्या बेअरिंगमध्ये जुनी झीजच उतरते, म्हणून फिटर आधी त्याच भागाचा न घासलेला कोपरा शोधतो आणि तिथून मोजायला लागतो.