एकशे एक्कावन्नावं युनिट

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण गेले आठ दिवस डोक्यातून जात नाही. लहानपणी ऐकली, मोठेपणी चार जणांना ऐकवलीही. पण अंथरूण म्हणजे नेमकं कोणतं, असा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

आमच्या घरी अंथरूण म्हणजे आईने शिवलेली गोधडी. वर-खाली जुनं लुगडं, मधे बाबांची विरलेली धोतरं. कडेपासून आत आत जाणारे धावदोऱ्याचे टाके. आम्ही चार भावंडं तिच्यावर आडवी झोपायचो, कारण उभं झोपलं तर दोघंच मावायची. पाय सारवलेल्या जमिनीवर यायचे. पुसाच्या थंडीत त्यावरून भांडणं व्हायची. एका वर्षी थोरल्याची उंची एकदम वाढली. तेव्हा आईने गोधडीच्या खालच्या कडेला वीतभर रुंदीची पट्टी जोडली, जांभळ्या लुगड्याची. पाय आखडा, असं ती कुणाला म्हणाली नाही. तिने आधी आमचे पाय पाहिले आणि मग कापड शोधलं.

म्हणीत मात्र झोपणारा एकटाच आहे. त्याच्या शेजारी कुणी नाही, त्याची उंची वाढत नाही, आणि अंथरूण कुणी शिवलं हेही त्याला विचारायचं नाही.

आमच्या मध्य प्रदेशात विजेचं अंथरूण १५० युनिटांचं आहे. २०१८ साली संबल योजनेत नोंदलेल्या असंघटित मजुरांना महिन्याला २०० रुपयांत वीज मिळू लागली. त्याच वर्षाअखेरीस सरकार बदललं आणि २०१९ मध्ये इंदिरा गृह ज्योती योजना आली. पुढे सरकार पुन्हा बदललं, योजनेच्या नावात इंदिराच्या जागी अटल आलं, पण हिशेब तोच राहिला. महिन्याचा वापर १५०च्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये, वरच्या युनिटांना नेहमीचा दर. १५१वं युनिट पडलं की सगळी सवलत जाते, अगदी पहिल्या युनिटापासून. एका युनिटाने बिल दुपटीच्या घरात जातं.

दिवसाला पाच युनिट. हिवाळ्यात ती पुरून उरतात. पण वैनगंगेच्या खोऱ्यातल्या मे महिन्यात एक कूलर रात्रभर चालला की दीड-दोन युनिट तिथेच जातात, दुपारचं वेगळंच.

बाघ नदी ओलांडून गोंदियाला गेलं की तिथे १०० रुपयांची अशी सोय नाही. पण तिथल्या दरांना पायऱ्या आहेत. वरची पायरी चढलात म्हणून खालच्या युनिटांचा दर वाढत नाही. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमचा बालाघाट जिल्हा इकडेच राहिला. एकाच नात्यातली माणसं आता दोन तऱ्हेची बिलं भरतात. लग्नकार्यात भेटली की सोयाबीन-धानाच्या भावानंतर विषय हाच निघतो.

मला मात्र दुसरीच गोष्ट टोचते. रेशनचं धान्य माणशी मिळतं, डोक्यामागे पाच किलो. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरात किती तोंडं आहेत हे विचारलं. अतिगरिबांच्या अंत्योदय कार्डाला मात्र घरामागे ३५ किलो. वीज सरसकट दारामागे मोजतात. सात माणसांचं घर आणि एकट्या नोकरदाराची खोली, दोघांना १५० युनिटच. त्या नोकरदाराला सवलत मिळते, सात जणांना मे महिन्यात मिळत नाही.

पूर्वी घरात चूल वेगळी झाली की गावभर बोभाटा व्हायचा. चूल वेगळी होऊ नये म्हणून बायकांनी काय काय गिळलं, ते आपण पाहिलं आहे. आता ओळखीतल्या एका घरी चूल एकच आहे, भात एकाच पातेल्यात शिजतो, पण भावाभावांचे मीटर दोन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती लबाडी वाटली होती. आज आईची जांभळी पट्टी आठवते. त्या घरातल्या वहिनींनी तेच केलं, कापडाऐवजी मीटर जोडला. पण हे लिहितानाही मी अडखळते. दुसऱ्या मीटरचा खर्च ज्यांना झेपला त्यांनीच तो बसवला. ज्यांना झेपला नाही त्यांचं काय?

मग मीटरऐवजी माणसं मोजावीत का? इथे माझं मन मागे सरतं. माणसं मोजायची म्हणजे कुणीतरी दारात येणार, नावं लिहिणार, नावं कापणार. रेशनकार्डातून गळालेलं सुनेचं नाव पुन्हा चढवायला किती खेपा होतात, हे मी जवळून पाहिलं आहे. मीटर जात विचारत नाही, उत्पन्नाचा दाखला मागत नाही, कुणाच्या पाया पडायला लावत नाही. गरिबाला स्वतःची गरिबी सिद्ध करावी लागू नये, हे फार मोठं आहे. ते घालवून मी काय मागते आहे, मलाच कळत नाही.

सवलत एकदम तोडण्याऐवजी हळूहळू कमी करता आली असती, एवढं मला नक्की वाटत होतं. आता वाटतं, तसं केलं तर सगळेच थोडे थोडे पाय पसरतील आणि त्याचे पैसे शेवटी कुठल्या तरी दुसऱ्या सवलतीतून निघतील. आईकडेही जांभळं लुगडं एकच होतं.

आज १९ मे. शेजारच्या घराच्या मीटरवर ३० एप्रिलच्या रीडिंगपासून ११२ युनिट झाले आहेत. महिन्याअखेरीस रीडिंगवाला येईल. रात्री अडीचनंतर त्यांचा कूलर बंद असतो. घरात सात माणसं आहेत, त्यांतलं एक चार महिन्यांचं.