माथेरानावरील चार दिवस

आम्ही मास्तरकीतून निवृत्त झालों त्या दिवशीं शाळेंत समारंभ झाला. हार-नारळ मिळाले, भाषणें झालीं, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही सकाळीं सावकाश उठूं लागलों. आमचें कुटुंब मात्र त्या दिवशींहि नेहमीप्रमाणें पांचालाच उठून स्वयंपाकघरांत गेलें. ह्यांत कांहीं विसंगति आहे, हें पुढें कित्येक वर्षें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. तें येण्यास माथेरानचा डोंगर चढावा लागला, आणि तेवढें सांगण्यासाठींच हा लेखप्रपंच आहे.

आमच्या घरांत लहानमोठीं अकरा माणसें. विवाहास चाळीस वर्षें होऊन गेलीं, तरी आम्ही उभयतां दोघेंच असे चार दिवस कोठें राहिलों नव्हतों. बाहेर पडलों तें लग्नकार्यासाठीं, यात्रेसाठीं अथवा आजाऱ्याच्या समाचारासाठीं, आणि तेंहि पांच-सात जणांना बरोबर घेऊन. यंदा तुळशीचें लग्न आटोपल्यावर थोरल्या चिरंजीवांनीं आम्हांस न विचारतांच जागा ठरवून टाकिली. सौभाग्यवतीनें नातवंडांच्या शाळेपासून दुधाच्या हिशोबापर्यंत सर्व अडचणी सांगून पाहिल्या. थोरल्या सूनबाई शांतपणें म्हणाल्या, "आई, चार दिवसांत घर कांहीं पडत नाहीं." अखेर आम्ही निघालों.

नेरळास मोठी गाडी सोडून आम्ही लहान गाडींत बसलों. हिच्या दोन रुळांमधील अंतर अवघें दोन फूट. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय ह्या गृहस्थांनीं १९०४ सालीं ह्या मार्गाचें काम हातीं घेतलें आणि १९०७ सालीं गाडी वर पोहोंचविली. २००५ च्या जुलैंतील अतिवृष्टीनें मार्गाची दुर्दशा झाली होती; २००७ सालीं गाडी पुन्हां धांवूं लागली. सुमारें एकवीस किलोमीटरांच्या वाटेस दोन तासांहून अधिक वेळ लागतो. गाडी इतकीं वळणें घेते कीं, उजवीकडे दिसलेलें गांव घटकाभरानें डावीकडे दिसतें. सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहात म्हणाली, "अहो, इतक्या सावकाश जायचे पैसे पडतात होय?" डब्यांतलीं माणसें हंसलीं. आम्हीहि हंसलों, पण तिचें म्हणणें खोटें नव्हतें.

माथेरान म्हणजे माथ्यावरचें रान. उंची सुमारें आठशें मीटर. येथें मोटारींस बंदी आहे. त्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढें पायीं जावें, नाहीं तर घोड्यावर बसावें. तांबड्या मातीच्या वाटा, दोहों बाजूंस जांभूळ आणि अंजनीची दाट झाडी, मधून मधून जुने बंगले. अशाच एका बंगल्याच्या मागें जांभ्या दगडाची, कौलारू, दोन खोल्यांची कुटी आम्हांस मिळाली. पुढें ओसरी, ओसरींत वेताच्या दोन खुर्च्या आणि समोर दरी. जेवणखाण राखणदाराच्या घरून येई.

पहिल्या दिवशीं सौभाग्यवती पांचाला उठली आणि तिला करण्यासारखें कांहींच नव्हतें! तिनें धुतलेले पेले पुन्हां धुतले, अंथरुणें दोनदां घडी केलीं, आणि राखणदाराच्या बायकोकडे जाऊन "भाजी चिरूं लागूं का?" असें विचारिलें. तिनें अर्थातच नको म्हटलें. परत येऊन ती खुर्चीच्या अगदीं कडेवर बसली, कोणी हांक मारील तर चटकन् उठतां यावें म्हणून. आम्ही पुस्तक उघडून बसलों होतों. परंतु त्या बसण्याकडे लक्ष गेल्यावर पुढें वाचवेना.

दुसऱ्या दिवशीं शार्लट तलावाकडे निघालों. गांवाला पिण्याचें पाणी ह्याच तलावाचें. जवळच पिसरनाथाचें देऊळ आहे. तो येथील ग्रामदेव. दर्शन घेऊन रानवाटेनें चढूं लागलों, तों एक शेकरूं ह्या फांदीवरून त्या फांदीवर झेंपावलें. तांबूस पाठ आणि झुबकेदार शेंपूट. तें पाहाण्यासाठीं सौभाग्यवती जी पुढें गेली, ती पुढेंच! आम्ही धांपा टाकीत मागें. आम्हीं विचारिलें, "अग, तुला चढायची इतकी संवय कशी?" ती म्हणाली, "माहेरीं टेकडीवर देवी होती. लग्न होईपर्यंत रोज पहाटे वर जात होतें." चाळीस वर्षांत ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. तिनें लपविली नव्हती. आम्हींच कधीं विचारिली नव्हती.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनीं १८५० च्या मे महिन्यांत माथेरानचा शोध लाविला, असें पुस्तकांत असतें. वर्गांत आम्हींहि तसेंच सांगितलें. परंतु ठाकूर, धनगर आणि कातकरी लोक ह्या डोंगरावर आधींपासून वावरत होतेच. जें मुळांत होतेंच, तें एखाद्यास उशिरां दिसलें, एवढाच पुष्कळदां शोधाचा अर्थ असतो. त्या चढावर आमची गत मॅलेटसाहेबांसारखी झाली.

तिसऱ्या दिवशीं बाजारांत हातरिक्षांची गोष्ट निघाली. ह्या गांवांत माणसानें माणसास ओढण्याची चाल फार वर्षांची. २०२२ च्या डिसेंबरांत विजेच्या रिक्षांची चांचणी सुरू झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्या व ओढणाऱ्यांच्या उपजीविकेची सोय लावावी, असा आदेश दिला. आम्हीं तें सर्व सौभाग्यवतीस समजावून सांगितलें. ती म्हणाली, "बरें झालें. बसणाऱ्याला ओढणाऱ्याची पाठ रोज दिसते. पण रोज दिसतें म्हणूनच तिकडे लक्ष जात नाहीं." थोडें थांबून तिनें हंसत विचारिलें, "तुम्हांला पेन्शन मिळालें. मला कधीं मिळायचें?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

चौथ्या दिवशीं आम्ही पांचाच्या आधीं उठलों. राखणदाराकडून दूध आणलें आणि जन्मांत प्रथमच चहा केला. तो फार कडक झाला आणि साखरहि कमी पडली. सौभाग्यवतीनें तो निमूटपणें घेतला. सुधारणा सुचविली नाहीं, उठून पुन्हां केला नाहीं. खुर्चींत पाठ टेंकून ती दरींतलें धुकें वर येतांना पाहात राहिली. तशी पाठ टेंकून बसलेली आम्हीं तिला त्या दिवशीं प्रथमच पाहिली.

उतरतांना गाडींत ती म्हणाली, "पुढल्या वर्षीं थोरलीला आणि त्याला पाठवूं. पोरांचें आपण पाहूं. मला चाळीस वर्षें लागलीं. तिला तेवढीं नकोत."

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं अशीच दहा-बारा माणसें असतील, आणि पांचाला उठणारें कोणी तरी असेलच. वडील माणसांनीं त्या व्यक्तीस चार दिवस डोंगरावर धाडावें. डोंगर दूर असल्यास निदान सकाळचा चहा तरी स्वतः करावा. आम्ही घरीं तो नेम चालविला आहे. साखर आतां बेताची पडते.