जीव घाबरा होतोय

आमचं भीमपूर आदिलाबाद जिल्ह्याच्या टोकाला. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. आमच्या घरात मराठी, आसपासच्या वस्त्यांवर गोंडी नि कोलामी, कचेरीत तेलुगू. त्यामुळे इथे शिकणाऱ्या पोराला लहानपणीच बिनपगारी नोकरी लागते, दुभाषाची.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आजीला दवाखान्यात नेलं. "जीव घाबरा होऊन राह्यला रे," ती म्हणत होती. डॉक्टर तरुण, लांबच्या जिल्ह्यातले, मराठी अजिबात न येणारे. मी ऐटीत सांगितलं, "भयपडुतोंदि." म्हणजे, ती घाबरली आहे. डॉक्टरांनी तिला धीर दिला, गोळ्या लिहिल्या. रात्री आजीला दरदरून घाम फुटला. पहाटे दुसरीकडे ईसीजी काढला, तर हृदयविकाराचा झटका. आजी वाचली, पण पुन्हा शेतापर्यंत चालत गेली नाही.

घरातल्या सगळ्यांनी त्या डॉक्टरांना बोल लावला. मीही लावला. माझा शब्द चुकला होता, हे कुणाला सांगितलं नाही.

माझी पुतणी आदिलाबादला नर्सिंग शिकते. गेल्या दिवाळीत म्हणाली, "काका, माझ्या मैत्रिणींना मराठी येत नाही. एक ॲप बनवून दे ना." मी उत्साहाने वाक्यांची यादी करायला बसलो. पहिलंच वाक्य आजीचं लिहिलं आणि हात थांबला. शब्दापुढे शब्द ठेवला तर माझी चूकच फोनमध्ये जाणार होती.

ॲप राहिलं. पुतणीने दोन मैत्रिणींना घरी आणलं. ओसरीवर एक नर्स झाली, पुतणी दुभाषी, माझी आई पेशंट. मैत्रिणीने विचारलं, "गुंडे नोप्पी उंदा?" बाजारापुरतं तेलुगू येणारी आई दचकली, "गुंडे? कुठं आले गुंडे?" तेलुगूत गुंडे म्हणजे हृदय! सगळे पोट धरून हसलो.

मग आई म्हणाली, "जीव घाबरा होतो." पुतणी भाषांतर करणार, तेवढ्यात मी तिला थांबवलं. आधी विचार, म्हणजे नेमकं काय होतं? श्वास पुरतो का? घाम येतो का? केव्हापासून? विचारताना नर्सने पेशंटकडे बघायचं, दुभाष्याकडे नाही. शेवटी, "गोळी कशी घेणार, तुम्हीच सांगा," असं वदवून घ्यायचं. आणि सुनेच्या पाळीची गोष्ट सासऱ्याच्या तोंडून विचारायची नाही. दुभाषा घरचा असला की अर्धं दुखणं पोटातच राहतं.

एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात २०१९ पासून सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा आणि संवादकौशल्य आलं, हे चांगलंच झालं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर आदिवासींना विचारून त्यांच्या घरांसारखा दवाखाना बांधला, त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. मोल त्या विचारण्यालाच आहे.

पोरी गेल्यावर आईला खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तू पोरगा होतास रे. पण सांगायला इतकी वर्षं लावलीस."

आपल्या मंडळातले बरेच जण वडीलधाऱ्यांसोबत दवाखान्यात दुभाषे म्हणून जातात. त्यांना एकच विनंती. शब्द अडला तर अडला म्हणा आणि आजीलाच पुन्हा विचारा.