धर्माच्या रकान्यात

पप्पांनी त्या दिवशी सही केली असती तर दादा डॉक्टर झाला असता. आमच्या घरात हे कोणी मोठ्याने बोललं नाही. मी मात्र मनातल्या मनात इतकी वर्षं बोलत आले. प्रार्थनेत बोलले, पप्पांच्या दफनाच्या दिवशी कबरीपाशी उभी राहूनही बोलले. राग अजून पुरता गेलेला नाही. म्हणून एकदा लिहून टाकते.

आम्ही नगर जिल्ह्यातले, नेवासा तालुक्यातले. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं. पुढे खेड्यापाड्यांतली महार-मांगांची कितीतरी घरं ख्रिस्ती झाली, त्यांतलंच आमचं एक. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो मोठेपणी, म्हणजे शाळेच्या रजिस्टरात नाव लागून बरीच वर्षं झाल्यावर. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. शब्बाथला उपासना, रोज रात्री जेवणाआधी प्रार्थना, नाताळात भजनं. आमच्याकडच्या कुणालाही हे नवीन नाही.

नवीन असेल ते कायद्याचं. अनुसूचित जातींबद्दल राष्ट्रपतींचा आदेश निघाला १९५० साली. त्यातला तिसरा परिच्छेद सांगतो, की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली, १९९० साली बौद्धांची. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले ते आजपर्यंत. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं की सरकारच्या लेखी जात संपते. आमच्या गावच्या हॉटेलात मात्र संपली नव्हती. माझ्या लहानपणी तिथे आमची कपबशी वळचणीला वेगळी ठेवलेली असायची, शेजारच्या महारवाड्यातल्यांची असायची तिथेच. चहा पिऊन ती आपणच विसळून जागेवर ठेवायची. पप्पा गुरुजी असूनही. म्हणून ते त्या हॉटेलात कधी चहा प्यायले नाहीत.

दादा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाला ते १९८४ साल. मेडिकलच्या खुल्या यादीत बसतील असे ते मार्क नव्हते. राखीव यादीत आरामात बसले असते. दाखला हवा होता.

पप्पांबरोबर मामलेदार कचेरीत मीही गेले होते, कारण तालुक्याला माझा चष्मा तयार होऊन पडला होता. दाखल्याचं काम बघणाऱ्या कारकुनाची मुलं पप्पांच्या हाताखाली शिकलेली. त्याने उठून खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. वाईट असता तर आमच्यासाठी सगळं सोपं झालं असतं. त्याने कागद चाळले आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचा दाखला मी बघतच नाही. तुमच्या वडिलांचा शाळेचा उतारा आणा. त्यावर हिंदू महार आहे. सोबत एक प्रतिज्ञापत्र जोडा, झालं काम."

कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली अर्जनवीस टाइपरायटर घेऊन बसलेला. पप्पांनी स्टँपपेपर घेतला, मजकूर टाइप करून घेतला. मी आणि कुटुंबातील सर्वजण हिंदू धर्माचे आचरण करतो, अशा अर्थाची एक ओळ मधे, खाली शपथ आणि सहीची जागा. पप्पांनी तो कागद उभ्याउभ्या वाचला, मग कचेरीत येऊन बाकावर बसून पुन्हा वाचला. खिशातलं शाईचं पेन काढलं. मला वाटलं, आता सही होणार. त्यांनी 'कुटुंबातील'मधला चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला. अर्जनविसाने 'कू' दीर्घ मारला होता. मग टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि कागद कारकुनाच्या टेबलावर सरकवला.

"भाऊसाहेब, बाकी सगळं खरं आहे. जात खरी आहे, उतारा खरा आहे. पण खाली शपथ आहे. शपथ मी कोणाच्या नावाने घेऊ?"

कारकून थोडा वेळ गप्प राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, देव काय कागद बघतो का? तो मन बघतो. पोराचं आयुष्य आहे."

हे त्याचं बोलणं मला अजून टोचतं, कारण त्या वयात मला ते पूर्णपणे पटलं होतं. देव मन बघतो हे आम्हाला शब्बाथशाळेतच शिकवलं होतं. पप्पा उठले, हात जोडले, म्हणाले, "तुम्ही आमच्या भल्याचंच सांगितलंत." आम्ही बाहेर आलो. चष्म्याच्या दुकानात जाऊन चष्मा घेतला. त्यांनी तो माझ्या डोळ्यांवर नीट बसतो का ते पाहिलं, घासाघीस न करता पैसे दिले. एसटीत गावापर्यंत एक शब्द नाही.

दादाला मेडिकल मिळालं नाही. पुढे बी.एस्सी.ला नाव घातलं, पण अनुसूचित जातीच्या मुलांना मिळणारी भारत सरकारची शिष्यवृत्ती नाही, वसतिगृहात राखीव जागा नाही, आणि माझ्या मागे आणखी दोघं शिकणारे. दुसऱ्या वर्षाला त्याने कॉलेज सोडलं आणि साखर कारखान्यावर स्लिपबॉय म्हणून लागला. उसाच्या फडात उभं राहून बैलगाडीवाल्यांना पावत्या फाडून द्यायच्या. शाळेत जीवशास्त्राच्या वहीत हृदयाची आकृती काढताना कप्प्यांना वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिली वापरणारा माझा भाऊ.

आमच्या चुलतकाकांनी त्याच कचेरीतून, तसंच प्रतिज्ञापत्र जोडून दाखला काढला. त्यांचा मुलगा इंजिनिअर झाला, पाटबंधारे खात्यात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाला. काकांकडे तेव्हाही रात्रीची प्रार्थना चुकत नसे, आजही चुकत नाही. आमच्या चर्चचे पत्रे बदलायचे होते तेव्हा सर्वांत मोठी रक्कम त्या चुलतभावाने दिली, आणि फलकावर नाव लावू नका म्हणाला.

नर्सिंगच्या नोकरीत रात्रपाळीला मी फार वाचायचे. मद्रासच्या सूसाईच्या खटल्याबद्दल तेव्हाच वाचलं. रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवणारा ख्रिस्ती चांभार. सरकारने त्याच्यासारख्या चांभारांना फुकट टपऱ्या द्यायचं ठरवलं, पण त्या फक्त हिंदू चांभारांना. तोही त्याच रस्त्यावर, तेच काम करत बसलेला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ साली न्यायालयाने सांगितलं, की ख्रिस्ती झाल्यावरही जातीमुळे तितकंच सोसावं लागतं असं दाखवणारा पुरेसा पुरावा समोर आलेला नाही. पुरावा हवा होता तर आमच्या गावच्या हॉटेलची वळचण दाखवली असती. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रांच्या आयोगाने २००७ साली दिलेल्या अहवालात धर्माची अट काढून टाका असं स्पष्ट म्हटलं. अट तिथेच आहे. गावात कोणी जातीवरून शिवीगाळ केली, अंगावर धावून आलं, तरी अत्याचार प्रतिबंधक कायदा आम्हाला लागू होत नाही. शिवी देणारा आमचा बाप्तिस्म्याचा दाखला बघून शिवी देत नाही.

हे सगळं वाचल्यावर माझा राग सरकारकडे वळायला हवा होता. थोडा वळलाही. पण घरातला राग घरातच राहिला. अब्राहामाची गोष्ट चर्चमध्ये वाचली जायची तेव्हा सगळे अब्राहामाच्या विश्वासाबद्दल बोलायचे, माझं लक्ष इसहाकाकडे असायचं. लाकडं त्याच्याच पाठीवर होती. देवाने मागितलं बापाकडे, बांधलं मुलाला. मुलासाठी तिथे मेंढा तरी सापडला.

नारायण वामन टिळकांची भजनं पप्पांना तोंडपाठ होती. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पंचक्रोशीत निंदा सोसली, सगळं प्रभूच्या पायाशी ठेवलं, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' मी नोकरीला लागल्यावर वाचली आणि त्या समर्पणाची दुसरी बाजू दिसली. लक्ष्मीबाईंना बातमी कळली ती बाप्तिस्मा होऊन गेल्यावर. पदरात लहान दत्तू, नातेवाइकांच्या घरी दिवस काढायचे, नवरा असून नसल्यासारखा. आज्ञा टिळकांनी पाळली, किंमत लक्ष्मीबाईंनी भरली. पुढे त्या स्वतःही ख्रिस्ती झाल्या, आणि त्यांच्याइतकी भक्कम ख्रिस्ती बाई महाराष्ट्राने फार थोडी पाहिली असेल. पण ती मधली वर्षं त्यांना कोणी परत दिली नाहीत. समर्पणावर बोलणारे त्या वर्षांवरून घाईने पुढे जातात.

पप्पा गेल्यावर काही दिवसांनी मी हे दादाशी बोलले. तो अंगणात तबल्याला शाई भरून आणायची म्हणून जोडी कापडात गुंडाळत होता. चर्चमध्ये तबला तोच वाजवतो. तो शांतपणे म्हणाला, "पप्पांनी मला आदल्या रात्रीच विचारलं होतं. मीच म्हणालो, नका लिहू."

मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याच्या वतीने भांडत होते त्याला भांडायचंच नव्हतं. क्षणभर हलकं वाटलं. पण नर्स म्हणून मी ऑपरेशनआधीच्या पुष्कळ संमतिपत्रांवर सह्या घेतल्या आहेत, आणि भीतीने दिलेला होकार, प्रेमाने दिलेला होकार आणि समजून दिलेला होकार यांतला फरक मला कळतो. सतरा वर्षांचा मुलगा, समोर असा बाप. तो दुसरं काय म्हणणार होता? दादाला मी हेही विचारलं. तो म्हणाला, "तुला वाटतं तेवढा मी लहान नव्हतो." आणि तबला घेऊन गेला. त्याच्या चेहऱ्यावर मला कडवटपणा दिसला नाही, शोधूनही दिसला नाही. मला मात्र अजून वाटतं, की देवापुढे एका माणसाने स्वतःचं वाहावं, दुसऱ्याच्या वाट्याचं वाहू नये.

हे ठामपणे वाटत असूनही माझ्या मुलीच्या वेळी मी काय केलं? आमच्या राज्यात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांची नोंद इतर मागासवर्गात होते. त्याची मदत मिळाली, पण ज्या अभ्यासक्रमाला तिला जायचं होतं तिथे ती पुरली नाही. चुलतभाऊ म्हणाला, आजोबांचा उतारा माझ्याकडे आहे, उद्या आणून देतो. मी रात्रभर जागी होते. लग्नाआधीपासून घोकत आले होते, माझ्या मुलांना असं करणार नाही. सकाळी त्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मुलीला आधी विचारलं होतं, पप्पांसारखंच, आणि तिनेही दादासारखंच उत्तर दिलं. मी का नाही म्हणाले ते आजही नीट सांगता येणार नाही. प्रभूचं नाव तोंडाने घ्यायचं आणि शपथेवर नाकारायचं, हे हाताने होईना, एवढंच खरं. हात चालला नाही. त्यात माझा मोठेपणा नाही. तेव्हा मला पप्पांचं ते टोपण लावणं आठवलं, आणि त्यांच्यावरचा राग कमी झाला का म्हणाल, तर तसंही नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका बाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि आरक्षणासाठी हिंदू म्हणवायचं, ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. निकालानंतर आमच्याकडे कागदावर हिंदू असलेली कितीतरी घरं धास्तावली. त्याच सुमाराला एका संजीवन सभेत बाहेरून आलेल्या तरुण उपदेशकाने समर्पण हा विषय घेतला, आणि भर मांडवात सांगितलं, की ज्यांच्या दाखल्यावर दुसरा धर्म आहे त्यांनी प्रभुभोजनाला हात लावू नये. माझ्या पुढच्या रांगेत चुलतभाऊ बसला होता, सत्तरी गाठलेला. तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. त्यानंतर किती तरी शब्बाथ तो चर्चला आला नाही.

पप्पांची मुलगी म्हणून मला त्या उपदेशकाचं पटायला हवं होतं. मला संताप आला. त्याचा दाखला त्याच्या बापाने कोणत्या परिस्थितीत काढला, त्याच्या बापाला कोणी कुठे चहा दिला, हे त्याने सांगितलं नव्हतं. पवित्र शास्त्रात नामान नावाचा सेनापती आहे. कोड बरं झाल्यावर तो अलीशाला सांगतो, की यापुढे मी तुमच्याच परमेश्वराला मानीन. पण माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची क्षमा असावी. अलीशाने त्याला दटावलं नाही, शपथ घातली नाही. शांतीने जा म्हणाला. ज्या संदेष्ट्याने लोभापायी खोटं बोलणाऱ्या स्वतःच्या चाकराला त्याच अध्यायात कठोर शिक्षा सुनावली, त्याने नामानाला जाऊ दिलं. आमच्या व्यासपीठांवरून हा भाग मी फारसा ऐकलेला नाही.

मी चुलतभावाच्या घरी गेले आणि त्याला ही गोष्ट वाचून दाखवली. दादाही बरोबर होता. गेल्या नाताळापासून चुलतभाऊ पुन्हा चर्चला येतो, मागच्या बाकावर बसतो.

पाळकांना आणि उपदेशकांना माझी विनंती आहे. आज्ञापालन शिकवा, जरूर शिकवा. माझ्या वडिलांनी ते जन्मभर पाळलं. पण भाकर आणि पेला हातात देण्याआधी कोणाचा जातीचा दाखला विचारू नका. विचारायचंच असेल तर दिल्लीला विचारा. तिसऱ्या परिच्छेदाविरुद्धची याचिका २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली आहे. तिच्यासाठी तुमच्या मंडळीत शेवटची प्रार्थना कधी झाली होती, तेवढं आठवून पाहा.